विसरलेली वही एसटीनं पाठवायची की नाही?

पऱ्हाटी | ८ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहायला बसले.

आम्ही दारव्हा तालुक्यातले, यवतमाळ जिल्हा. साडेचार एकर वावर, कपाशी, तूर, थोडा हरभरा. थोरला दहावीला आहे. शाळा तालुक्याला, गावापासून चौदा किलोमीटर. सकाळची एसटी सव्वासातला. ती हुकली की साडेदहाची, आणि तिचा भरवसा ड्रायव्हरलाही नसतो.

पोरगा हुशार आहे असं त्याचे सर म्हणतात. पण विसरतो. डबा विसरतो, पास विसरतो. स्वेटर घालून जातो आणि नुसत्या सदऱ्यावर परत येतो. मागच्या महिन्यात देवळातून अनवाणी घरी आला. मी विचारलं चपला कुठं, तर खाली पायाकडे पाहून म्हणतो, "अरे हो."

सोमवारी विज्ञानाच्या प्रयोगवहीवर सरांची सही घ्यायचा शेवटचा दिवस होता. आदल्या रात्री अकरापर्यंत बसून आकृत्या काढल्या बिचाऱ्यानं. सकाळी वही टीव्हीच्या फळीवर, पोरगा एसटीत. माझ्या नजरेस पडली तेव्हा आठ वाजून गेले होते. वेचणीच्या बाया वावरात पोचलेल्या, आणि मी फाट्यावर वही घेऊन उभी. साडेदहाच्या गाडीच्या कंडक्टर दादांच्या हातात दिली. शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याला फोन केला, त्यानं मधल्या सुट्टीत पोचवली. माझी सगळी सकाळ त्यात गेली.

संध्याकाळी चिरंजीव साहेब आले. "बरं झालं पाठवली" म्हणाले आणि मोबाइल घेऊन बसले.

आमच्या यांचं म्हणणं, तूच बिघडवलं त्याला, एकदा शून्य मिळू दे. सासूबाईंचं म्हणणं, लेकरू आहे. मला स्वतःला कळत नाही. दहावीचं वर्ष आहे. विज्ञानाच्या शंभरातले वीस मार्क प्रात्यक्षिकाचे, ते शाळेच्या हाती. वही पाठवली नसती तर मीच दिवसभर जळत बसले असते. तुम्ही काय करता?

नागपुरी_तर्री | ८ जानेवारी, रात्री १०:०५

मार्चपर्यंत वही पाठवा ताई. तत्त्वाची चर्चा एप्रिलमध्ये करू.

पुण्यातला_वऱ्हाडी | ८ जानेवारी, रात्री १०:४०

माझं मत थोडं कडक आहे, राग मानू नका. मी मूळचा अचलपूरचा, आता वीस वर्षं पुण्यात. मुलगी नववीत आहे. तिला सातवीतच सांगितलं, घरी राहिलं ते राहिलं, आई-बाबा आणून देणार नाहीत. तीन-चारदा बाईंचं ऐकून घेतलं तिनं, एकदा पीटीचे बूट नाहीत म्हणून मैदानाबाहेर बसली. आता रात्रीच दप्तर भरते.

हे काही आजचं फॅड नाही. मुलाला शिक्षा करू नका, त्याच्या कृतीचा परिणामच त्याला शिकवू द्या, असं रूसोनं १७६२ मध्ये लिहून ठेवलं. पुढे हर्बर्ट स्पेन्सरनंही तेच मांडलं. तुम्ही वही पोचवली तेव्हा तुमचा मुलगा एकच गोष्ट शिकला: मी विसरलो तरी काम होतं. मग त्यानं लक्षात का ठेवावं? ते काम त्यानं तुमच्याकडे सोपवलंय, आणि तुम्ही ते चोख करताय.

धुऱ्यावरचा | ८ जानेवारी, रात्री ११:२०

पुणेकर भाऊ, रूसो चांगला माणूस असंन बाप्पा, पण त्यानं सोताची पाचही लेकरं अनाथालयात टाकली होती. सोतानंच लिहून ठेवलं हाये. त्याले रात्री दप्तर भराची कटकटच नोती.

आता माह्यं आयका. तुमच्या पोरीनं बूट इसरले त मैदानाच्या बाहीर कोण बसलं? तेच बसली. बरोबर. चूक तिची, भोगलं तिनं. आमच्या इकडं तसं होते काय?

मांगच्या साली दोन एकर हरभरा होता. डुकराचा त्रास सांगत नाई, ज्याले हाये त्याले मालूम. चारी बाजूनं तार घेतली, झटका मशीन बशिवली, सोलरची. पोट्ट्याले एकच काम, दिवस बुडाच्या आंधी जाऊन बटन दाबाचं. वावर घरापासून दहा मिनटावर. त्या दिवशी गावात कबड्डीचे सामने होते. इसरला. मी भाचीच्या लग्नाले गेलो होतो.

सकाळी जाऊन पाह्यतो त अर्धा एकर कोणी नांगर फिरोल्यावानी. घाटे भरत आलेले. काही खाल्लं, खाल्लं त्याच्याहून जास्त तुडोलं. पोट्टा संग होता, तोंड एवढंसं झालं त्याचं. पण भाऊ, मले सांगा, डुकरानं हरभरा खाल्ला, पोट्ट्यानं काय खाल्लं? घरी येऊन पोहेच खाल्ले. चूक त्याची, बिल माह्यं. याच्यातून तो काय शिकंन आन् मी काय शिकू?

संत्रा_बर्फी | ८ जानेवारी, रात्री ११:३१

धुऱ्यावरचे भाऊ, अवांतर विचारते. सायरनवाली मशीन आहे का तुमची? आमच्या बॅटरीत पाणी कमी झालं की झटकाच बसत नाही, डुकरं तार ओलांडून जातात.

धुऱ्यावरचा | ८ जानेवारी, रात्री ११:४४

सायरनवाली हाये ताई. तारेले गवत लागू देऊ नका, झटका गवतातूनच जमिनीत उतरते. आन् कोणी सांगतलं तरी घरची लाइन थेट तारेत सोडू नका. दरसाल माणसं मरतात त्याच्यानं, जेलातही जातात.

खडू_आणि_फळा | ९ जानेवारी, सकाळी ६:१०

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, अमरावती बोर्डाखालची शाळा. बावीस वर्षं झाली. त्या प्रयोगवहीच्या दुसऱ्या टोकाला मीच उभा असतो म्हणून लिहितो.

ताई, वही एका दिवसानं उशिरा आली असती तर जगबुडी झाली नसती. शेवटची तारीख आम्ही मुद्दाम चार-आठ दिवस अलीकडे धरतो. सगळेच मास्तर धरतात. तुम्हाला सांगितलं, पोरांना सांगू नका. तुमच्या मुलानं मधल्या सुट्टीत येऊन "सर, घरी राहिली" म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते, वर्गासमोर थोडा वेळ उभं केलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सही केली असती. ते दोन शब्द ऐकायचे राहून गेले त्याचे.

पण हेच मी हॉल तिकिटाबद्दल म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी गणिताच्या पेपरला साडेदहाच्या सुमारास एक पोरगा केंद्राच्या फाटकाशी रडत उभा. तिकीट दुसऱ्या पँटच्या खिशात, पँट धुण्यात. पेपर अकराचा. हरवलं तर शाळा पुन्हा प्रिंट काढून 'द्वितीय प्रत' असा लाल शेरा मारून देऊ शकते, ही सोय बोर्डानं ठेवली आहे. पण ते पोराला माहीत नसतं, पालकालाही नसतं. काम झालं, पण तो आत जाऊन बसला तेव्हा हात थरथरत होते. त्या पेपरात त्याला किती पडले ते सांगत नाही. त्या थरथरीतून कोणी काही शिकलं असेल असं मला वाटत नाही. तेव्हापासून वर्गातल्या प्रत्येकाच्या तिकिटाची झेरॉक्स माझ्या कपाटात असते. बिघडवतो म्हणा हवं तर.

आणखी एक. एसटीची पोरं पाच-साडेपाचला उठतात. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. बाराला मोबाइल ठेवला तर हिशोब तुम्हीच करा. पहिल्या तासाला निम्मा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो. त्यातल्या काहींना आपण विसराळू म्हणतो.

नागपुरी_तर्री | ९ जानेवारी, सकाळी ८:०२

सर, शेवटच्या तारखेचं गुपित तुम्ही आंतरजालावर फोडलंत. विदर्भातल्या पोरांकडून तुमचा जाहीर सत्कार.

सायंकाळची_गाडी | ९ जानेवारी, दुपारी १:१५

वाचते आहे आणि एक गोष्ट खटकते आहे. आतापर्यंत सगळे "पोट्टा" म्हणून बोलले. पुणेकरांची मुलगी सोडा, ती शहरातली.

मला एक मुलगी, एक मुलगा, दोघांत दोन वर्षांचं अंतर. मुलगा डबा विसरला की माझ्या सासूबाई शेजारच्या पोराला गाडीवर पाठवतात. मुलगी डबा विसरली की म्हणतात, "आताच असं, मग सासरी काय उजेड पाडशील?" डबा तोच, आलूची भाजी तीच. मुलीनं हे माझ्या तोंडावर बोलून दाखवलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

आणि परिणाम भोगू द्या म्हणता, तर मुलीच्या वाट्याला कोणते परिणाम येतात तेही बघा. आमच्या गावाला सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस येते, मुलींसाठीची. बारावीपर्यंत पास फुकट आहे, हे सगळं चांगलंच. पण ती बस चुकली की मुलीला दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसून जायला घरचे परवानगी देत नाहीत. माझी मुलगी नोव्हेंबरात लागोपाठ दोनदा बस चुकली. पहिल्या दिवशी कंपास शोधत बसली, दुसऱ्या दिवशी ओढणी. तिसऱ्या दिवशी तिचे काका ओसरीवर बसून म्हणाले, "हिला इतका कंटाळा आहे तर कशाला पाठवता एवढ्या दूर?" मुलगा वर्षभर बस चुकवत होता, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

त्या दिवसापासून मुलीचं दप्तर मी रात्री स्वतः तपासते. तिला सवय लागावी म्हणून नाही. काकाला बोलायला जागा राहू नये म्हणून.

लिंबोणी | ९ जानेवारी, दुपारी २:३०

सायंकाळची_गाडी, अगदी अगदी. आमच्याकडेही हेच. +१

पुण्यातला_वऱ्हाडी | ९ जानेवारी, रात्री ९:१०

रूसोवरचा टोला मान्य. तो माहीत होता, कुणी मारतं का याची वाट बघत होतो.

सायंकाळची_गाडी यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, हे कबूल करतो. पण धुऱ्यावरच्या भाऊंना एक विचारतो. बिल तुम्हीच भरलं हे खरं, पण त्यातला थोडा वाटा मुलावर टाकता आला नसता का? हरभरा गेला तो गेला. त्यानंतर तुम्ही काय केलं?

धुऱ्यावरचा | ९ जानेवारी, रात्री ९:५५

केलं ना. मारलं नाई. मारून हरभरा उभा राह्यत नाई. म्हटलं आजपासून जागल आपण दोघं. आठ रात्री मचानीवर झोपलो बाप-लेक. डिसेंबरातली थंडी, खाली शेकोटी, वरतं दोघात एक घोंगडं. रात्री दोन वाजता उठून टिनाचा डब्बा बडवाचा. तिसऱ्या रात्री तो मले म्हणते, "बाबा, तुमी मशीन याच्या पयले दरसाल असंच झोपत होते काय?" म्हटलं हाव. मंग काही बोलला नाई.

आता बटन दाबाले इसरत नाई. पण वही, कंपास, डब्बा? ते रोज इसरते. म्हणजे एक गोष्ट शिकला, तेवढीच एक. बाकीच्याले मचान कोठून आणू?

खडू_आणि_फळा | ९ जानेवारी, रात्री १०:२०

भाऊ, तुमचं शेवटचं वाक्य फार खरं आहे. आठवणही दोन तऱ्हेची असते. झालेलं आठवणं वेगळं, आणि करायचं आहे ते वेळेवर आठवणं वेगळं. पहिल्या तऱ्हेत पोरं पक्की असतात, मागच्या आयपीएलचे सगळे स्कोअर पाठ. दुसऱ्या तऱ्हेला खुणेची गरज लागते. ही आखणी मेंदूच्या पुढच्या भागाकडून होते, आणि तो पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी येते. म्हणून "मॅचची वेळ बरी आठवते तुला" हा टोमणा आपण मारतो तो पोकळ आहे. मॅचची आठवण द्यायला दहा मित्र असतात. वहीची आठवण द्यायला कोण आहे?

वर्गात मी एक करतो. "लक्षात ठेवा" म्हणत नाही. "चप्पल घालताना खुंटीकडे पाहायचं" असं सांगतो. म्हणजे अमुक झालं की तमुक करायचं. जे काम चपलेला बांधलं ते टिकतं. नुसतं डोक्यात ठेवलेलं एसटीत बसल्यावर आठवतं.

पऱ्हाटी | ९ जानेवारी, रात्री १०:४५

सर, माझा पोरगा चप्पलच विसरतो हो.

नागपुरी_तर्री | ९ जानेवारी, रात्री १०:४६

😂😂 ताईंनी धागा जिंकला.

मोहफूल | १० जानेवारी, संध्याकाळी ७:३०

मी गडचिरोलीकडची, झाडीपट्टीतली. माझा प्रश्न तुमच्यापेक्षा जरा वेगळा आहे, पण लिहिते.

माझ्या मुलाला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार; त्यातही एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. वय पंधरा. रोज हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडची गोळी, भरपूर पाणी, थंडीत अंग झाकून राहायचं. पाणी कमी पडलं, गार वाऱ्यात खेळला, की दुखणं उठतं. हाडांमध्ये. ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मागच्या हिवाळ्यात तीन दिवस दवाखान्यात होता, सलाईनवर.

आता हा पोरगा गोळी विसरतो, पाण्याची बाटली विसरतो. मी काय म्हणू? परिणाम भोगू दे? त्याचा परिणाम म्हणजे रात्री दीड वाजता तो भिंतीला पाय लावून ओरडतो तो.

पण दुसरी बाजूही मला दिसते. दोन वर्षांनी तो शिकायला बाहेर जाईल. होस्टेलवर मी नसेन. आत्तापर्यंत गोळी मी हातावर ठेवायची, पाणी मी द्यायची, तो डोळे मिटून गिळायचा. त्याला आपल्या गोळीचं नावही सांगता येत नव्हतं. आमच्या आशाताई म्हणाल्या, "अहो, त्याचा आजार तुम्हीच सांभाळून ऱ्हायल्या. त्याच्या हाती कधी देणार?"

म्हणून दिवाळीपासून असं करते. गोळ्यांची पट्टी त्याच्याकडे. घ्यायची त्यानं, मी रोज विचारत नाही. रविवारी रात्री जेवण झालं की पट्टी ताटाशेजारी ठेवायची आणि आम्ही दोघांनी मोजायची. सात गेल्या पाहिजेत. पहिल्या आठवड्यात चारच गेल्या होत्या. मी काही बोलले नाही, पण माझा हात कापत होता, तो त्यानं पाहिला. दुसऱ्या आठवड्यात सहा. नंतर तीन आठवडे बरोबर सात. मग पुन्हा पाच. अशी गाडी चालली आहे.

बाटलीचं मात्र माझंच. ती मी त्याच्या सायकलला दोरीनं बांधून टाकली.

संत्रा_बर्फी | १० जानेवारी, रात्री ८:१५

मोहफूल ताई, तुमचं ते रविवारी पट्टी मोजणं मी उचलणार आहे. माझ्या मुलीला शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती खाते की दप्तरात ठेवते देव जाणे. परवा दप्तर झटकलं तर तळाशी तीन निघाल्या. हिमोग्लोबिन कमी म्हणून डोकं जड, लक्ष लागत नाही, विसरते. आणि गोळी खायची तेही विसरते. आहे की नाही गंमत.

लिंबोणी | १० जानेवारी, रात्री ९:००

एक सावधगिरीचं सांगते. माझ्या भाच्याला सगळे घरात "बह्याड" म्हणायचे. विसराळू, धांदरट, एक काम धड पुरं करत नाही, अर्ध्यात उठतो. मार खाल्ला, परिणाम भोगले, दोन वर्षं वर्गात मागच्या बाकावर. काहीही फरक नाही. शेवटी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, तर निदान निघालं एडीएचडीचं, लक्ष टिकत नाही त्या प्रकारातलं. डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, बारा वर्षांच्या आतही असाच होता का? फक्त अभ्यासातच की घरी, खेळात, सगळीकडे? माझी बहीण तिथंच रडली. पहिलीतही असाच होता.

पऱ्हाटी ताई, तुमच्या मुलाला आहेच असं मी म्हणत नाही, चपलांवरून कुणी निदान करू नये. पण लहानपणापासून असाच असेल तर एकदा विचारून घ्या. दवाखाना लांब पडत असेल तर १४४१६ वर टेलिमानसची सरकारी लाइन आहे, फुकट आहे. गावात उगाच चर्चाही होत नाही.

अकरावी_ब | ११ जानेवारी, रात्री १२:१०

मी इथला सगळ्यात लहान असेन. सतरावं चालू आहे. मला तुमच्या पोरांच्या बाजूनं बोलायचं आहे.

आम्हाला मुद्दाम विसरायला आवडतं असं वाटतं का तुम्हाला? बसमध्ये बसल्यावर खिशात हात गेला आणि पास नाही, तेव्हा पोटात खड्डा पडतो. कंडक्टर सगळ्यांसमोर विचारतो. तोच परिणाम असतो, तो रोज होतो, आणि तरी आम्ही विसरतो.

आणि मदतीची पद्धत असते. माझी आई एकदा डबा घेऊन वर्गाच्या दारात आली आणि सरांना म्हणाली, "याला डोकं दिलं नाही देवानं, डबा तरी घ्या." तो डबा मी खाल्ला नाही. उपाशी राहिलो असतो तर चाललं असतं.

याच्या उलट. दहावीनंतर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म, २०२५ पासून तो सगळ्या राज्यात ऑनलाइनच झाला. मला पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं. पहिली पसंती लागली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मी "बघू उद्या" म्हणत राहिलो आणि विसरलो. खरंच विसरलो. शेवटच्या दिवशी दुपारी बाबांनी मोबाइलवरचा मेसेज वाचला. ते काही बोलले नाहीत. वखर सोडला, गाडी काढली, मला मागे बसवलं. कॉलेजात रांगेत त्यांनी मला पुढे उभं केलं आणि स्वतः बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले. साहेबांनी विचारलेलं सगळं मी सांगितलं, सह्या मी केल्या. येताना रस्त्यात थांबून त्यांनी रसवंतीवर रस पाजला. आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही.

आता मी तारखा विसरत नाही. डबा विसरतो अजून.

पुण्यातला_वऱ्हाडी | ११ जानेवारी, सकाळी ७:४५

अकरावी_ब, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. मी असतो तर गाडीवर पंचवीस किलोमीटर भाषण दिलं असतं.

धुऱ्यावरचा | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

मीही देल्लं असतं.

एक सांगाचं राह्यलं. पोट्ट्याले शिकू द्या शिकू द्या म्हणता, पण वावरात काही चुका अशा हायेत का तेथं शिकाले दुसरी बारी भेटत नाई. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडले. तवापासून माह्या घरी फवारा पोट्ट्याच्या हाती नाई. तोंडाले फडकं बांधाचं, हातमोजे घालाचे, वारा पाहाचा, हात धुतल्याबिगर खर्रा खाचा नाई (खर्रा तसाही खाऊ नोका), हे सगळं ज्याले एका टायमाले ध्यानात ठेवता येते त्यानं फवाराव. जो डब्बा इसरते तो फडकंही इसरंन. तेथं मी धावतो, आन् लाज नाई वाटत.

पऱ्हाटी | २ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मंडळी, बरेच दिवस आले नाही. तुरीची सोंगणी, मग कपाशीची शेवटची वेचणी. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

लिंबोणी ताई, मी विचार केला. लहानपणी असा नव्हता तो. आठवीनंतर सुरू झालं, मोबाइल आल्यानंतर. तरी तो नंबर लिहून ठेवला आहे.

सायंकाळची_गाडी, तुमचं वाचून मला माझ्या धाकटीचा चेहरा आठवला. सातवीत आहे. तिच्या हरवलेल्या पट्टीसाठी मी कधी फाट्यावर उभी राहिले नाही. खरंतर ती काही विसरतच नाही. का विसरत नाही, हा विचार मी आधी केला नव्हता.

मुलाशी बोलले. ओरडले नाही, पण त्या सोमवारचा हिशोब सांगितला. मी फाट्यावर उभी होते तेव्हा सात बाया वावरात होत्या. कापूस मोजून घ्यायला मी नाही, म्हणून त्या भरलेली गाठोडी घेऊन धुऱ्यावर बसून राहिल्या. त्यांची मजुरी किलोवर. जेवढा वेळ बसल्या तेवढा कापूस वेचायचा राहिला, म्हणजे तेवढे पैसे त्यांचे गेले. त्याला हे माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, आई घरी रिकामीच होती.

ठरलं ते असं. डबा, पास, स्वेटर त्याचं तो पाहील. हॉल तिकीट मार्चपर्यंत माझ्याकडे, एक झेरॉक्स सरांकडे (खडू_आणि_फळा सर, ही तुमची आयडिया). आणि दर रविवारी मोजणी त्यानं करायची. मी वावरात असेन, पण काट्याला हात लावणार नाही.

पहिल्या रविवारी ताणकाटा झाडाला टांगला, वही-पेन घेऊन बसला ऐटीत. संध्याकाळी बेरीज झाली, मजुरी सांगायला लागला, तर एक मावशी म्हणाल्या, "दादू, माह्ये दुपारचे सात किलो कोठी गेले?" वहीत नव्हते. दुपारी मोजले, बोलता बोलता लिहायचे राहिले. सगळ्या बाया पाहत होत्या. मावशी चिडल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत. पदर खोचून तिथंच उभ्या राहिल्या, उत्तराची वाट पाहत. मी मध्ये पडणार होते, जीभ चावली. तो लाल झाला, म्हणाला, "मावशी, माझी चूक आहे, मी मांडतो." मांडले.

आज सकाळी एसटीला निघाला तेव्हा पाहिलं, डाव्या तळहातावर निळ्या पेनानं लिहिलेलं: पास. डबा. जर्नल. आणि त्याखाली, अर्धं पुसलेलं, रविवारचं: मावशी ७.

डबा तरी राहिलाच. ओट्यावर. मी पाठवला नाही. दिवसभर चैन पडलं नाही ते वेगळं.

मोहफूल | २ फेब्रुवारी, रात्री ९:४०

काय खाल्लं मग त्यानं?

पऱ्हाटी | २ फेब्रुवारी, रात्री ९:५२

मित्राच्या डब्यातलं. वर मलाच सांगतो, त्याच्या आईचा चून (पिठलं हो) तुझ्यापेक्षा चांगला होता.

धुऱ्यावरचा | २ फेब्रुवारी, रात्री १०:०३

हातावर लिवाची आयडिया लय भारी. माह्याले सांगतो. थांबा, मशीनचं बटन दाबलं का त्यानं, एक चक्कर मारून पाहून येतो.